राखेचं पहिलं पाणी

आदिलाबादच्या रानात वणवा लागतो तो फेब्रुवारी ते मे या काळात, आणि बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळायची, ही रीत जिल्ह्यात आहे तशी शेजारच्या किनवट-यवतमाळच्या रानातही आहे. साग तेव्हा उघडाबोडका असतो आणि त्याची मोठाली पानं जमिनीवर वाळून पडलेली असतात. आग सहसा शेंड्याला जात नाही, जमिनीसरशी सरपटते. जून-जुलैत सगळं पुन्हा हिरवंगार. म्हणून वणव्याचा हिशेब मांडणारे झाडांकडे बघतात; नाल्यात डोकावत नाहीत.

नाल्याचं गणित वेगळं असतं. बोथ, नेरेडिगोंडा भागातून वाहणारी कडेम कुंतालाला सुमारे 45 मीटरचा कडा उतरते आणि पुढे गोदावरीला मिळते; जिल्ह्याच्या उत्तरेचे नाले पैनगंगेकडे धावतात. उन्हाळ्यात लहान नाल्यांची धार तुटते आणि उरतात ते डोह. वरच्या पट्ट्यातले मासे या डोहांत दाटीवाटीने तग धरतात. त्यात आदिलाबादचा उन्हाळा पारा 45 अंशांपर्यंत नेणारा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच. काठचे करंज, जांभूळ, अर्जुन वणव्यात होरपळले की डोहावरची सावली जाते आणि पाणी आणखी तापतं.

अशा अर्धमेल्या डोहावर पहिला वळीव येतो आणि डोंगरउतारावरची राख घेऊन येतो.

राख अल्कधर्मी असते. ती मिसळली की पाण्याचा सामू चढतो, आणि सामू चढला की पाण्यातल्या अमोनियमचं माशांना घातक अशा अमोनियात रूपांतर होऊ लागतं. सोबत आलेला अर्धवट जळका पाचोळा जिवाणू कुजवू लागतात आणि उरलासुरला प्राणवायू त्यात खर्च होतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवर हे जगाने पाहिलं. मॅकिनी वणव्यानंतर जोराचा पाऊस झाला, जळक्या डोंगरावरचा गाळ नदीत उतरला आणि विरघळलेला प्राणवायू जवळजवळ शून्यावर आला. नदीकाठच्या कारुक जमातीच्या मत्स्य विभागाने मेलेल्या माशांची संख्या हजारोंनी सांगितली. तिथली आग आदिलाबादच्या आगीपेक्षा कितीतरी भीषण होती, हे खरं. पण क्लॅमथ वाहती, मोठी नदी आहे. चार-सहा खाटांएवढ्या डोहाला बिघडायला त्या मानाने फार थोडी राख पुरते.

सगळेच मासे सारखे भरडले जात नाहीत. तेलंगणाचा राज्यमासा असलेली मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते. मागूर आणि शिंगीही तशाच चिवट. खरा फटका बसतो तो दगडावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या मळ्याला आणि गोट्यांच्या फटींत राहणाऱ्या मुरीला. पाचोळ्याचं पांघरूण जळालं की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो, बारीक गाळ सुटतो, दगडांवर साय धरतो आणि फटी बुजवतो. कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांत नोंदवलेला हा मळ्या बाजारात भाव खात नाही, म्हणून त्याच्या घटण्याची बातमीही होत नाही.

वेळ तर आणखी वाईट. पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालायला वरच्या नाल्यांकडे निघतात, म्हणजे राखेच्या पाण्याला सामोरेच जातात. आणि कुंतालासारखा कडा मध्ये असेल, तर वरचे मासे संपल्यावर खालून त्यांची जागा घ्यायला कुणी येऊ शकत नाही.

हवामानबदल या सगळ्याला जोर देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कडेमवर, आता निर्मल जिल्ह्यात गेलेल्या धरणाने जुलै 2022 मध्ये क्षमतेपेक्षा किती तरी अधिक पुराचा लोंढा सोसला आणि 2023 च्या जुलैत त्याच्या माथ्यावरूनही पाणी गेलं. त्या पुरांचा दोष वणव्याला देता येणार नाही. मात्र हलक्या सरींत राख थोडीथोडी झिरपते. ढगफुटीसारख्या पावसात ती एका दुपारी खाली येते.

यावरून इथल्या गोंड-कोलाम आदिवासींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची घाई होते, ती मला पटत नाही. मोहाखाली जाळी अंथरली तर फुलं न जाळता गोळा होतात, स्वच्छही राहतात; ती जाळी स्वस्तात घरोघरी पोचवणं नोटिसा बजावण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहाच्या आधारे आगीच्या सूचना वनखात्याला देतं. त्याच सूचना नाल्यांच्या नकाशावर मांडल्या, तर कोणत्या डोहांवर राख उतरणार हे मेअखेरीसच कळेल. जाळरेषा आखताना आधी ते काठ धरावेत. आणि निदान कडेमच्या वरच्या डोहांत प्राणवायू आणि सामू दोनदा मोजावा: एकदा पहिल्या पावसाआधी, आणि एकदा त्यानंतरच्या पहाटे, कारण प्राणवायू सर्वांत कमी असतो तो तेव्हाच.