हरकती व सूचना

सरकारी मराठीतले काही शब्दप्रयोग मला मनापासून आवडतात. ‘हरकती व सूचना’ हा त्यांतलाच एक. त्यातला क्रम पाहा: आधी हरकत, मग सूचना. हा शब्दप्रयोग ज्या कोणा कारकुनाने प्रथम लिहिला, त्याला पुणेकरांची चांगलीच पारख असली पाहिजे. ‘तुमचे मत काय?’ असे विचारले तर आमचा माणूस क्षणभर घुटमळेल. ‘तुमची हरकत काय?’ असे विचारा, तो खुर्ची पुढे ओढून बसतो.

शहराच्या आराखड्यावर अशा हरकती मागवल्याच पाहिजेत, असे १९६६ च्या नगररचना कायद्याने ठरवले. १९७५ च्या वृक्ष कायद्याने त्याही पुढे जाऊन नोटीस तोडायच्या झाडावरच चिकटवायला सांगितले; आणि हरकतींसाठी मुदत सात दिवसांची. गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठाकडे पायी जाताना अशा नोटिसा मी वाचल्या आहेत. आपल्याच शिक्षेचा हुकूम छातीवर लावून वड उभा आहे आणि त्याच्या सावलीत रिक्षावाला डुलकी घेतो आहे, हे दृश्य पाहिल्यावर मला तरी पुढे भरभर चालवत नाही.

या रस्त्याची एक गंमत आहे. १८६४ मध्ये इथे गव्हर्नराचा बंगला बांधायला घेतला, तेव्हा गाव दूर असणे हीच जागेची मोठी सोय होती. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि तो बंगला विद्यापीठाच्या वाट्याला आला. मग जिथे कोणी फारसे येऊ नये अशी योजना होती, तिथे सारे गाव निघाले! पुढे औंध, बाणेर आणि पाषाण या तिन्ही बाजू वाढल्या, त्यांच्यापलीकडे हिंजवडी वाढली, आणि हे सगळे विद्यापीठाच्या चौकात येऊन एकमेकांना भेटू लागले. त्यांच्यासाठी उड्डाणपूल बांधला. तो पंधरा वर्षांच्या आतबाहेरच, २०२० च्या टाळेबंदीत, मेट्रोसाठी आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडला. पुलाचे आयुष्य वडापेक्षा कमी असते, हे त्या वर्षी कळले.

तर या भागातल्या वाहतुकीबद्दल नागरिकांचे म्हणणे ऐकून घ्यायला एक बैठक भरली होती. वेळ सकाळी अकराची. म्हणजे ज्यांना खरे गाऱ्हाणे सांगायचे, ते सारे त्या वेळी वर्गात, कचेरीत किंवा चौकातच अडकलेले. जमलो होतो ते बहुतेक माझ्यासारखे निवृत्त. भिंतीवर मोठा नकाशा आणि त्यावर तांबडे-निळे बाण. एक गृहस्थ घरून स्वतःचा नकाशा गुंडाळून घेऊन आले होते. विद्यापीठाचे आवार जाण्यायेण्यासाठी सर्वांना खुले करावे, म्हणजे चौकावरचा भार उतरेल, असे त्यांचे म्हणणे. एक प्राध्यापक तत्काळ उठले. आवार म्हणजे आडवाट नव्हे, तिथे मुले चालतात, म्हणाले. मला प्राध्यापकांचे पटले. चारशे एकरांवर जी शांतता उरली आहे, ती दहा मिनिटे वाचवायला खर्ची घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

अधिकारी तरुण आणि सौजन्यशील होते. रहदारी मोजतात कशी, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. मोटार म्हणजे एक. दुचाकी तिच्या निम्म्याच्या आसपास. बस मात्र दोन-तीन मोटारींच्या बरोबरीची. वाहनाने रस्ता किती व्यापला, एवढेच या हिशेबाला ठाऊक. म्हणजे पन्नास माणसे घेऊन येणारी बस तीन मोटारींचा गुन्हा करते, आणि एकेकटे बसलेले तीन मोटारवाले मिळून तेवढाच! चालणाऱ्याला तर या कोष्टकात आकडाच नाही. मी उठून एवढेच म्हणालो, की एकदा वाहनांऐवजी माणसे मोजून पाहा, आणि मग तो नकाशा नव्याने काढा. त्यांनी ते टिपून घेतले. टिपून घेण्यात हल्लीचे अधिकारी फार तत्पर असतात.

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या करतात, असे त्यांनी सांगितले. पाळी बदलून आल्या होत्या. त्यांना बोलायला सांगितले तेव्हा त्या नकाशाकडे न पाहता म्हणाल्या, “साहेब, मी बसमधनं या अंगाला उतरते, अन् काम पलीकडं. मी रस्ता कुठनं ओलांडू?”

साहेब नकाशाकडे वळले. पेन्सिलीचे टोक एका बाणावरून दुसऱ्या बाणावर गेले, तिसऱ्यावर थांबले. खोली शांत झाली. नकाशावाले गृहस्थसुद्धा आपल्या नकाशात शोधू लागले. शेवटी शेजारच्या लेखनिकाने हळूच विचारले, “साहेब, ही हरकत धरू की सूचना?”

“दोन्हीकडे लिहा,” साहेब म्हणाले.

बैठक संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. बाहेर आलो तर त्या बाई दुभाजकाशी उभ्या, हातात डब्याची पिशवी. मी आणि दोन विद्यार्थी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिलो. मोटारी येत राहिल्या. मग एका बसच्या चालकाने वेग कमी केला आणि गाडी आडवी घालावी तशी उभी केली. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. बाईंनी त्याला हात केला, आणि आम्ही चौघे पलीकडे गेलो.