छातीचा फोटो

आमच्या महाळुंग्यात एक्स-रेला आजही 'छातीचा फोटो' म्हणतात. चाकणची एमआयडीसी वाढली, शेतांत कारखाने उभे राहिले आणि पोटासाठी गाव सोडलेली माणसं इथल्या खोल्यांत येऊन राहिली. आम्हीही त्यांतलेच. एका खोलीत सहा-सात जण, पाळीनुसार झोपणारे. अशा खोलीत एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. त्यात ओतकामातल्या वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, की त्या फुप्फुसात टीबी लवकर घर करतो.

आमच्या खालाचा मुलगा दोन महिने खोकत होता. फोटो लगेच निघाला; तो वाचणारा डॉक्टर मात्र आठवड्यातून एकदाच यायचा. अहवाल येईपर्यंत पोरगा त्याच खोलीत झोपत राहिला.

म्हणून डॉ. पूजा राव यांचं काम आम्हाला आपलं वाटतं. वैद्यकीय शिक्षणानंतर त्या मेंदूविज्ञानाच्या संशोधनाकडे वळल्या आणि 2016 साली मुंबईत सुरू झालेल्या 'क्युअर डॉट एआय' या कंपनीच्या सहसंस्थापक झाल्या. मेंदूतला रक्तस्राव, कवटीचा तडा संगणकाला ओळखता यावा, म्हणून तिथे तीन लाखांहून अधिक सीटी स्कॅन वापरले गेले. तो अभ्यास 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच्या लेखकांत नागपूरचे रेडिओलॉजिस्ट डॉ. मुस्तफा बिविजीही आहेत. डॉक्टर म्हणजे फक्त दवाखान्याची पाटी, असं समजणाऱ्या आपल्या घरांनी हे मुलामुलींना जरूर सांगावं.

छातीच्या फोटोसाठीही या कंपनीने असंच साधन बनवलं. टीबीची चाळणी करताना पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या माणसांचे फोटो संगणकाकडून वाचून घेता येतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. लहान लेकरांसाठी ती नाही. शिवाय संगणक संशय तेवढा दाखवतो. खात्री थुंकीच्या तपासणीनेच होते. त्यासाठीचं 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारं यंत्र गोव्याच्या 'मोलबायो'चं. म्हणजे दोन्ही साधनं आपल्याच मुलखातली.

तरी एक गाठ यंत्राने सुटत नाही. आजार कळला तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, या धास्तीने आमची पोरं फोटोच काढत नाहीत. सरकारी औषध फुकट मिळतं, पण बुडालेली हजेरी कोण भरून देणार? संगणकाने क्षणात सांगितलेलं निदान त्या पोराला ऐकवत नसेल, तर शास्त्रज्ञांचे कष्ट आमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन थांबतात. तिथून पुढचं काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे.