वडिलांचे ड्रिल

वडिलांच्या माघारी त्यांचे ड्रिल-यंत्र माझ्या वाट्याला आले. ते वापरण्याची अक्कल मात्र आली नाही. परवा खुंटीसाठी भिंतीला भोक पाडायला घेतले, तो यंत्राच्या झरोक्यांतून फुलबाजी! “दिवाळी अजून आठ दिवसांवर आहे. भंगारात द्या ते,” सौभाग्यवती म्हणाल्या. माझे मन होईना.

नाक्यावरच्या रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी ते आधी नुसते फिरवून पाहिले. कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी असायचीच, म्हणाले. पण कम्युटेटरभोवती आगीचे कडेच फिरू लागले, तर बहुधा आर्मेचरचे वेटोळे गेले समजा. आमचे दुखणे तिथवर पोचले नव्हते. एक कार्बन झिजून नखाएवढा उरला होता आणि स्प्रिंग त्याला तांब्यावर दाबून धरीत नव्हती. टेकण ढिली पडली, की ठिणगी उडतेच.

मी मोठ्या हुशारीने घरून एमरी पेपर नेला होता. मिस्त्री चक्क रागावले! त्याची भुकटी तांब्याच्या पट्ट्यांमध्ये बसून विजेला भलतीच वाट देते. त्यांनी लाकडाचा बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला, खाचा साफ केल्या.

“नवे कार्बन आणू?” मी विचारले.

त्यांनी यंत्राच्या पेटीतली एक पुडी उलगडली. आत नवी जोडी होती. वर वडिलांचे अक्षर : ‘ड्रिलचे कार्बन’. नऊ वर्षे ती पेटी मी नीट उघडलीसुद्धा नव्हती.

खुंटी बसली. जरा तिरपीच.