मंगळवारचं हैदराबाद

अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून गार्डकाकांचं घर होतं. खरं नाव रेशनकार्डापुरतं. पोस्टमनसुद्धा त्यांना गार्डसाहेब म्हणूनच हाक मारायचा. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे सुरू झाली, त्याच सुमारास ते नोकरीला लागले आणि २००४ साली निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं मीटरगेजवर, कधी पूर्णेकडं, कधी खंडव्याकडं. रनिंग रूममध्ये राहून राहून त्यांना तेलुगू यायला लागली होती, दख्खनी येत होती आणि स्वयंपाकही येत होता. गाडी किती वाजता सुटली, कुठं किती मिनिटं खोळंबली, हे गार्डाला टिपावंच लागतं. ती सवय नोकरी संपली तरी गेली नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असायची. तिच्यात काय लिहितात, हे मी कधी विचारलं नाही.

लहानपणी मला कौतुक मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांचं. स्टेशनावर मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारीशेजारी होत्या. काका काळी पेटी घेऊन छोट्या लाइनीकडं जायचे. एकदा मी त्यांना म्हणालो, तुमची गाडी तर खेळण्यातली दिसते. ते म्हणाले, "लहान गाडीतबी माणसं मोठीच बसते रे." आणि माझ्या हातात हिरवा झेंडा दिला. माफी मागायची असते, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

पुढं अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. एक वर्ष विषय राहून वाया गेलं, ते घरी निम्मंच सांगितलं. नंतर पदव्युत्तर शिक्षण, आणि मग एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. वऱ्हाडातल्या माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांनी हे केलं आहे. तासावर पैसे, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याचा भरवसा नाही. अकोल्यात मात्र मी स्वतःला प्राध्यापक म्हणवून घ्यायचो. शनिवारी एसटीनं मूर्तिजापूरवरून घरी यायचं, रविवारी परतायचं. (२०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकल्याची गिनीज बुकात नोंद झाली. काका असते तर त्यांनी ती तेहेतीस मिनिटंसुद्धा वहीत उतरवून घेतली असती. माझ्या वेळी त्या रस्त्यावरून उतरलं की कंबर धरावी लागायची.)

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आई एकटी. माझं प्राध्यापकपण तिनं खरं मानलं, निदान तसं दाखवलं. काका मात्र एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "मे महिन्यात प्राध्यापक काय खाते रे?" मला राग आला. दोन आठवडे मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. आज वाटतं, माझी अवस्था ओळखून मला सरळ विचारणारा तो एकच माणूस होता.

२०१०च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या एका कंपनीचं पत्र आलं. दहा दिवसांत कळवायचं होतं. तीस वर्षांचा झालो होतो, म्हणजे पत्र आल्याबरोबर निघायला हवं होतं. पण तिकडं तेलंगणाचं आंदोलन पेटलेलं. नोव्हेंबरातलं के. चंद्रशेखर राव यांचं उपोषण, डिसेंबरातली केंद्राची घोषणा, मग बंदांवर बंद. फेब्रुवारीतच न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली होती. मामा फोनवरून म्हणाले, तिथं राज्य फुटतंय आणि तू कुठं निघालास! आईला तो परका मुलूख वाटत होता. त्यावर काकांनी तिला १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडंच कसं होतं, मग ते इंग्रजांच्या हाती कसं गेलं आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं कसं देऊन टाकलं, हे सगळं सांगितलं. आईचं समाधान झालं नाही. तिला निजामाशी काही घेणंदेणं नव्हतं.

मी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मधे रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडं पगार, भाडं, बढती, हवामान. उजवीकडं अमरावती: ओळखीचे लोक, कधीतरी कायम होण्याची आशा, शनिवारी घरी येता येतं. हैदराबादची सगळी माहिती एका मित्राकडून घेतली होती. तो दिवाळीच्या सुट्टीत तिथं चार दिवस हिंडून आला होता. कागद काकांना दाखवला, तो खरं म्हणजे शाबासकी मिळावी म्हणून. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, उलटून पाठीमागचंही वाचलं.

"पगार लिहिला, भाडं लिहिलं. अन् मंगळवार कुठी आहे?"

मला समजलं नाही.

"गाव सुट्टीच्या दिवशी पाहू नये, बापा. सुट्टीत सारेच गावं चांगले दिसते. मंगळवारी पाह्य. सोमवारी निघू."

ते पासावर आणि मी तिकिटावर. पूर्णा-अकोला लाइन रुंद होऊन दीडेक वर्षच झालं होतं. मीटरगेज २००८ साली गेलं. आपली लाइन उखडल्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला वाटलं होतं. ते खिडकीतून बघत एवढंच म्हणाले, "आता तुले गाडी बदलावी लागणार नाही." वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड अशी स्टेशनं येत गेली. प्रत्येक ठिकाणी ते घड्याळ बघत होते.

मंगळवारी काचीगुड्याला उतरलो. चारमिनार नाही, गोवळकोंडा नाही, १९९८ सालचा तो प्रसिद्ध सायबर टॉवरसुद्धा बसमधून दिसला तेवढाच. काका मला नोकरीच्या जागेच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरवत राहिले. कोंडापूरकडं नव्या इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक फाटकाशी थांबून ते वॉचमनला एकच विचारायचे: "पानी किधर से आता?" काकांचं गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. तसल्या गावात वाढलेला माणूस घर बघताना आधी भिंत बघत नाही. दोन ठिकाणी नळाचं आणि बोअरचं मिळून उत्तर आलं. बाकी सगळीकडं टँकर. किती दिवसांनी, कितीला, मार्चनंतर काय, हे त्यांनी उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. मी थोडा लाजून बाजूला उभा होतो. त्या इमारतींत राहणाऱ्यांना वाटेल, हे खेडूत कोण!

दुपारी एरागड्ड्याच्या रयतू बाजारात गेलो. काकांनी एक जुडी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली. अंबाडी! तिकडं तिला गोंगुरा म्हणतात. ज्वारीची भाकरी तिथंही होती, नाव निराळं. भाजीवाल्याला काका "नक्को" म्हणाले तेव्हा मी हसलो. हा शब्द आपल्याकडूनच त्यांच्याकडं गेलेला. आणि आपलं "हाव" तिथं "हौ" होऊन बसलेलं. संध्याकाळी त्यांनी मला विवेक वर्धिनीच्या फाटकाशी नेलं. १९०७ पासूनची ही मराठी माणसांनी उभारलेली संस्था; केशवराव कोरटकरांचं नाव तिच्याशी जोडलेलं. आत काही गेलो नाही. "एकटं वाटलं तं इकडं येजो," एवढंच म्हणाले.

परतताना गाडीत मी उत्साहानं सांगायला लागलो की ठरलं, जातो. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् मायचा मंगळवार?"

आई मंगळवारी काय करते ते सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सांगायला लागलो. सकाळी उठते, देवपूजा, भाजी... आणि थांबलो. त्या वेळी आमच्या भागात नळ तीनचार दिवसांआड यायचा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पाणी बहुतेकदा पहाटे यायचं. ड्रम भरायचे, त्यातलं बादल्यांनी आत न्यायचं, टाकी भरायची. आईचे गुडघे गेलेले. हे सगळं कोण करतं? मी शनिवारी येतो तेव्हा ड्रम भरलेले असतात, एवढंच मला माहीत होतं. नळाचा वार कोणता, हेही ठाऊक नव्हतं. तीस वर्षांचा मुलगा, त्यातून शिक्षक! काका खिडकीबाहेर बघत राहिले. मला अपराधी वाटावं असा त्यांचा हेतू नव्हता. असता तर त्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं.

अकोला जवळ आल्यावर म्हणाले, "जाचं असन तं जाय. वयनीच्या पाण्याचं मी पाहीन. पण तुले मालूम असलं पाह्यजे."

मी गेलो. तेव्हापासून हैदराबादेतच आहे. पहिल्या वर्षी दोनदा नोकरी सोडावीशी वाटली. दोन्ही वेळा कोंडापूरच्या खोलीत बसून काकांना फोन केला. त्यांनी धीराचं काही सांगितलं नाही. आज टँकर आला का, एवढं विचारलं. २०१४च्या २ जूनला तेलंगण राज्य झालं, त्या रात्री रस्त्यावर फटाके वाजत होते आणि मी त्यांना फोनवरून ते ऐकवत होतो. वेगळा विदर्भ व्हावा असं त्यांना मनातून वाटे. "तुमचं झालं बाप्पा," ते म्हणाले. तुमचं! मी किती तिकडचा झालो, हे त्यांनी माझ्याआधी मोजलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं.

२०१७ साली काकू गेल्या. त्यांची मुलगी सिकंदराबादेत असते, तिनं आग्रह धरला की आता इकडंच या. २०१८च्या सुरुवातीला काकांचा फोन आला. दोन दिवस येतो, मुलीकडं नाही, तुझ्याकडं उतरतो, म्हणाले. मला अभिमान वाटला. मी सुट्टी टाकली, गाडी ठरवली. गोवळकोंडा दाखवला, सालारजंग म्युझियम दाखवलं, नुकतीच सुरू झालेली मेट्रो दाखवली. मियापूरहून अमीरपेठपर्यंत ते उभ्यानंच गेले, घड्याळ बघत. रात्री चांगल्या हॉटेलात जेवलो. ते सगळ्याला हो म्हणाले, कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोला जाग आली तेव्हा ते खाली फाटकाशी वॉचमनशी बोलत उभे होते.

त्यांना गाडीत बसवून आलो आणि चारेक महिन्यांनी, एका बैठकीत बसलेलो असताना, मला एकदम कळलं की ते माझ्याकडं का उतरले होते. मुलगी त्यांना चांगलंच दाखवणार होती. साधा दिवस कोणीतरी दाखवावा म्हणून ते आले होते. ज्याला आपण तो एकदा दाखवला, तो दाखवील, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी त्यांना दोन रविवार दाखवले.

ते अकोल्यातच राहिले. माझ्यामुळं, की गुडघ्यांमुळं, की काकूंच्या तुळशीमुळं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. २०१९च्या पावसाळ्यात गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो.

मुलीनं घर आवरताना त्यांच्या वह्या आईच्या हवाली केल्या. गाड्यांच्या वेळा असतील असं मला वाटलं. पहिल्या पानावर २०१०चा मार्च होता. "मंगळ. वयनीकडे. ४.१० ते ५.२५. ड्रम २, टाकी पाऊण." अशा ओळींमागून ओळी, नऊ वर्षांच्या. मधे कुठं "दाब कमी", कुठं "आलं नाही", एका ठिकाणी "मी आजारी. पोट्टं पाठवलं." शेवटच्या वहीत त्यांचं अक्षर थरथरतं झालं होतं. जुलैतल्या एका शनिवारी ते थांबतं. त्याच्या खाली निळ्या पेनानं, दुसऱ्या हाताचं, शाळेत पाचवीपर्यंत गिरवलेलं अक्षर होतं. आईचं.

"बुध. ४.५० ते ६.०५. ड्रम १."