ग्रेज इन रोडचा हत्ती

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात दोन प्रकारची गर्दी असते. एक गाडी पकडणाऱ्यांची, दुसरी भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली धरून फोटो काढून घेणाऱ्यांची. हॅरी पॉटरची गाडी सुटते तो हा पावणेदहा नंबरचा फलाट. (इंग्रजीत त्याला केवढा अपूर्णांक लिहावा लागतो, आपल्याकडे एका शब्दात काम होतं.) पण या फलाटांची त्याहून जुनी एक गोष्ट आहे. नऊ आणि दहाच्या आसपास कुठेतरी जमिनीखाली बुडिका राणी झोपली आहे, असं इथले लोक सांगतात. रोमनांविरुद्ध उठलेली, इ.स. 60-61च्या सुमारास लंडन जाळून टाकणारी ही राणी. तिची समाधी इथे असल्याचा काडीचाही पुरावा नाही. पुरावा आहे तो तिच्या आगीचा. जुन्या लंडन शहरात इमारतीचा पाया खोल खणला की बऱ्याच ठिकाणी जळक्या लालसर मातीचा थर लागतो, तो त्या जाळपोळीचा.

माझा भाचा केंटिश टाउनला राहतो. त्याच्याकडे आठ दिवस मुक्काम होता आणि मी ठरवलं होतं की किंग्ज क्रॉस आणि केंटिश टाउन ज्यात येतात त्या कॅमडेनच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. कॅमडेन म्हटलं की लोकांना कालव्याकाठचा बाजार आणि चित्रविचित्र रंगवलेले केस आठवतात. पण कॅमडेन बरो हा त्या बाजारापेक्षा बराच मोठा कारभार. 1965 साली हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न हे तीन भाग एकत्र करून तो झाला. त्यामुळे ब्रिटिश म्युझियम कॅमडेनमध्ये, ब्रिटिश लायब्ररी कॅमडेनमध्ये आणि प्रिमरोझ हिलजवळ 1921-22मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घरही कॅमडेनमध्येच. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते विकत घेतलं. तिथे जाऊन आले, पण त्या घराविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचंय ते एका दगडाविषयी.

किंग्ज क्रॉसहून दक्षिणेला ग्रेज इन रोड जातो. बाबासाहेब ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ती या रस्त्याच्या खालच्या टोकाला. वरच्या टोकाकडे एकेकाळी फ्लीट नदी उघडी वाहायची. आता ती गटारातून, रस्त्याखालून जाते. 1679च्या सुमारास या भागात खडी काढताना मजुरांना मोठमोठी हाडं लागली आणि त्यांच्याजवळ टोकदार घडवलेला एक काळसर दगड. जॉन कॉनियर्स नावाच्या औषधविक्रेत्याला ही बातमी लागली. याला जुन्या वस्तूंचा नाद. 1666च्या आगीनंतर सगळं लंडन नव्याने उभं राहत होतं, जागोजाग खोदकाम चालू होतं आणि हा गृहस्थ खड्ड्याच्या काठावर उभा राहून काय निघतं ते टिपून ठेवायचा. सेंट पॉलच्या आवारात निघालेल्या रोमन कुंभारभट्ट्यांची चित्रंसुद्धा त्याने काढून ठेवली. हाडं हत्तीची आहेत हे त्याला समजलं. दगड माणसाने घडवलाय, हेही समजलं.

पुढचा प्रश्न असा की इंग्लंडात हत्ती आला कुठून? जॉन बॅगफर्ड या पुस्तकविक्याने याचं उत्तर एका पत्रात दिलं. ते 1715 साली छापून आलं. इ.स. 43मध्ये क्लॉडियस बादशहाने ब्रिटनवर स्वारी केली तेव्हा त्याच्या लवाजम्यात हत्ती होते. त्यातल्याच एकाला कुणा ब्रिटन वीराने या दगडाने मारलं असणार! हसू येतं खरं, पण बॅगफर्डचा तर्क चुकीच्या वाटेने गेला नव्हता. त्याच्यापुढची वाटच तेवढी होती. आर्चबिशप अशरने 1650मध्ये हिशेब मांडून सांगितलं होतं की जग ख्रिस्तपूर्व 4004 साली निर्माण झालं. त्या कोठीत जेवढा काळ मावत होता, त्यातच हत्ती, दगड आणि माणूस बसवायचे होते.

आपण तरी काय वेगळं केलं? नाशिकजवळच्या डोंगरात लेणी दिसली, आपण त्यांना पांडवलेणी म्हणून मोकळे झालो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने, आपल्या पराक्रमी मुलाची थोरवी सांगत, ब्राह्मीत लांबलचक लेख कोरून ठेवला आहे. सातवाहनांची एक आई भिंतीवरून बोलत होती आणि आपण शेकडो वर्षं तिच्यासमोर उभं राहून भीमाच्या गोष्टी सांगत होतो. आपली कोठी महाभारताची, त्यांची बायबलची.

तो दगड पाहायला भाचा आणि मी ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो. पहिल्या क्रमांकाचं दालन ही तिसऱ्या जॉर्ज राजाच्या पुस्तकांसाठी बांधलेली लांबच लांब खोली. पुस्तकं 1998 साली ब्रिटिश लायब्ररीत गेली आणि रिकाम्या जागेत अठराव्या शतकातल्या माणसाला जग कसं दिसत होतं ते मांडलं गेलं. शिंपले, मूर्ती, नाणी, भुसा भरलेले पक्षी, सगळं एकाच छताखाली. त्यात काचेआड तो दगड. गारगोटीचा, बदामी आकाराचा, पसरलेल्या हातात छान बसेल एवढा. खालचं टोक जाड, धरायला सोयीचं. वर निमुळता होत गेलेला. दोन्ही अंगांनी टवके उडवलेले. प्रत्येक टवक्याची खोलगट खूण नखाच्या ठशासारखी स्पष्ट. साडेतीन लाख वर्षांपूर्वीचा असावा असं आज मानतात. म्हणजे तो करणारा आपल्यासारखा माणूससुद्धा नव्हता.

भाचा कंटाळला. म्हणाला, “मावशी, यात बघायचं काय? आपल्याकडे नदीत असे ढिगाने मिळतील.”

मिळतात, तो बोलला ते खरंच आहे. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांना 1950च्या आसपास अशीच दगडी हत्यारं मिळाली. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळातून नामशेष झालेल्या हत्तीची कवटीही निघाली आहे. दगडही तसेच, हत्तीही तसाच. पण या एका दगडाला काचेची पेटी मिळाली, कारण तो कुठून निघाला आणि त्याच्याजवळ काय निघालं, हे कॉनियर्स आणि बॅगफर्ड लिहून गेले. अर्थ चुकला, पण नोंद बरोबर होती. पुढे 1797मध्ये जॉन फ्रेअरला सफोकमधल्या हॉक्स्नीला अशीच हत्यारं खोल थरात मिळाली. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. 1859मध्ये फ्रान्सच्या सोम नदीच्या खडीतली हत्यारं विद्वानांनी स्वतः जाऊन पाहिली, तेव्हा जुनी पत्रं पुन्हा उघडली गेली. चारच वर्षांनी, 1863 साली, रॉबर्ट ब्रूस फूटला मद्रासजवळ पल्लावरमला भारतातली पहिली अशी कुऱ्हाड मिळाली. तोवर काळाची कोठी मोठी झालेली होती.

उलट उदाहरण ब्रिटिश म्युझियमच्याच इमारतीत आहे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे काचेमागे मांडली आहेत. दगडावर एवढी नाजूक गर्दी मी कुठे पाहिली नाही. पण कर्नल मॅकेन्झीच्या आणि नंतर 1845च्या वॉल्टर एलियटच्या खोदकामात शिळा उचलल्या गेल्या आणि कोणती शिळा नेमकी कुठे होती, हे बऱ्याच शिळांच्या बाबतीत कायमचं हरवलं. स्तूपाऐवजी आपल्याला सुटे दगड मिळाले. ते परत द्यावेत की नाही हा वाद मी इथे काढत नाही, पण जागा हरवली ती लंडनला येण्याआधीच.

म्युझियमपासून दहा-बारा मिनिटं चाललं की गॉर्डन स्क्वेअर. उंच झाडांची छोटी बाग आणि तिच्या एका कडेला पुरातत्त्व संस्थेची विटांची इमारत. मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर या नवरा-बायकोंनी ही संस्था उभी केली. टेसा 1936 साली गेल्या आणि 1937मध्ये रीजंट्स पार्कातल्या घरात संस्था सुरू झाली. या इमारतीत ती 1958ला आली. व्हीलरांचं डॉर्सेटमधल्या मेडन कासलचं खोदकाम चालू होतं, तेव्हा मुंबईचा एक गुजराती तरुण लंडनला पीएच.डी. करत होता. सांकलिया तो. माती थराथराने कशी उतरवायची, उभ्या कापावर प्रत्येक थराला चिठ्ठी कशी लावायची, वस्तू सापडली की तिची जागा तिन्ही मापांनी कशी टिपायची, हे तो तिथे शिकला. 1939मध्ये सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पुढे याच संस्थेतले झॉयनर गुजरातेत लांघणजला आणि तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर येऊन माती वाचायला शिकवून गेले.

नंतरचं आपल्या घरचं आहे. जोर्वे, नेवासे, मग शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. इनामगावचं खोदकाम 1968 ते 1983 चाललं. सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात काय होतं, याचं उत्तर पोथ्यांत नव्हतंच. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकरी होते, पाण्याला बांध घालत होते, आणि मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत होते. नंतरच्या थरांत चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात. दिवस वाईट आले असावेत. हे सगळं कळलं ते कुठलं मडकं कोणत्या थरात, हे रोज संध्याकाळी वहीत उतरलं म्हणून.

आता माझी कबुली. माझं आजोळ प्रवरेच्या काठी. गावाला लागून पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड होतं. मामा बैलगाडी घेऊन जायचे, तिथली भुसभुशीत राखी माती भरून आणायचे. भिंती लिंपायला तिच्यासारखी माती नाही. मातीत खापरं निघायची. लाल, वर काळ्या तिरक्या रेघा, चौकटी. दगडावर वाजवलं की खणखणायची. आम्ही त्यातली चपटी निवडून लगोरी रचायचो. पुढे कॉलेजात असताना डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तोटीच्या जोर्वे भांड्यासमोर उभी राहिले आणि त्या रेघा ओळखीच्या वाटल्या. तोवर टेकाड निम्मं लिंपून झालं होतं.

त्याच प्रवरेवर दायमाबाद. 1974मध्ये झाडाचं खोड खणताना तिथे काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. रथ हाकणारा माणूस उभा, पुढे दोन बैल. असं देखणं काम भारतात दुसरं नाही. पण ते खोदकामाच्या थरातून निघालं नाही, म्हणून त्याचं वय काय यावर विद्वानांचा वाद आजही मिटलेला नाही. पन्नास वर्षं झाली.

अशा अचानक सापडणाऱ्या वस्तूंसाठी इंग्लंडात ब्रिटिश म्युझियमच्याच छत्राखाली 1997पासून एक योजना चालते. शेतात, नदीकाठी कुणालाही काही सापडलं, नाणं असो की बक्कल, की ते जवळच्या अधिकाऱ्याला दाखवायचं. तो जागेसह नोंद करतो आणि वस्तू बहुतेक वेळा तुम्हालाच परत देतो. दहा लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्या. आपल्याकडे 1878चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. खापराची किंमत दहा रुपये कुणी धरत नाही, म्हणून ते लगोरीत जातं.

तुमच्या गावाला पांढर असेल. विहीर खणताना, जेसीबी लावताना, नांगराच्या फाळाला काही लागलं तर आधी आहे तिथेच त्याचा फोटो काढा. गट नंबर, खोली आणि शेजारी काय होतं ते लिहा, आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड जागचा हलवू नका. हलवलाच असेल, तर कुठून हलवला ते चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा.