हमी कुणाची?

आमच्या पुणतांब्यात ‘हमी’ म्हटले की हमीभाव आठवतो. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो याच गावातून. घड्याळाच्या हमीशी मात्र आमच्या घराचा कधी संबंध आला नव्हता. सायकल जुनी, पाठ्यपुस्तके जुनी, बी. ए. ला प्रवेश घेतला तेव्हा वडिलांनी दिलेले घड्याळही जुनेच. पण ते भारी कंपनीचे आणि अवघे आठ महिने वापरलेले. हमी दोन वर्षांची होती.

चार महिन्यांत काटे थांबले. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातल्या बाईंनी कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवले: हमी मूळ ग्राहकापुरतीच. वडील म्हणाले, “अहो ताई, माणूस बदलला; घड्याळ तर तेच आहे ना?” उत्तर मिळाले नाही.

सगळीकडे असे नसते. रोलेक्स कंपनी नव्या घड्याळाला विक्रीच्या तारखेपासून पाच वर्षांची हमी देते. शिवाय २०२२ पासून तपासून प्रमाणित केलेल्या जुन्या घड्याळांनाही ती दोन वर्षांची हमी देते. म्हणजे मनात असले तर दुसऱ्या मालकालाही हमी देता येते! आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा ‘ग्राहक’ धरला आहे. भेट मिळालेल्या वस्तूला हा मोठाच आधार. विकत घेतलेल्या जुन्या वस्तूचे मात्र कार्डावर काय छापले आहे ते आधी पाहावे लागते.

आजोबांचे एचएमटी अजून चालते. जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला निघालेला तो कारखाना. २०१६ साली ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. हमी देणाराच गेला. पण बाजारातले आमचे घड्याळजी “थांबलं तर घेऊन या” एवढेच म्हणतात. मूळ मालक कोण, हे विचारत नाहीत. माझे घड्याळही शेवटी त्यांनीच रास्त पैशांत सुरू केले.

तेव्हा मित्रांनो, जुने घड्याळ घेताना बिल मागा, कार्डावरचा शिक्का, तारीख आणि घड्याळामागचा क्रमांक ताडून पाहा. राहिलेली हमी आपल्याला मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा. कॉलेजात आलेली आमची पहिलीच पिढी. वस्तूंचे आम्ही दुसरे मालक असू, पण त्यांच्या कार्डावरचा बारीक मजकूर वाचणारे घरातले पहिले आम्हीच आहोत.