कात्री, गोंद आणि मोकळी जागा

स्क्रॅपबुकच्या छंदाचा विचार मनात घोळू लागला की मला अमेरिकी लेखक मार्क ट्वेन आठवतो. आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट त्याने १८७३ साली घेतलं. पान ओलं केलं की कात्रण चिकटायचं. त्याच शतकात फिलाडेल्फियाच्या विल्यम डॉर्सी या कृष्णवर्णीय संग्राहकाने आपल्या समाजाचा इतिहास कात्रणांच्या शेकडो वह्यांत जपला. छंदाचं मूळ बळ मला इथे दिसतं.

१९८०नंतर अमेरिकेतल्या यूटामधून हा छंद नव्याने पसरला. दुकानं आली, मासिकं आली आणि सोबत देखण्या पानांचं दडपणही आलं. नवख्या माणसाचा हात तिथेच आखडतो. म्हणून सुरुवात थोडक्या सामानात व्हावी, असं मी म्हणतो. सामान खपलं नाही तर दुकानं जगतील कशी, साध्या कागदावर फोटो खराब होतात त्याचं काय, हे आक्षेप रास्तच आहेत. पण फोटो टिकायला आम्लविरहित कागद आणि चांगला गोंद पुरतो. रिबिनी, नक्षीचे पंच मागाहून घेता येतात. पहिल्या दिवशी कागद आणि गोंद एवढंच विकून, टेबलाशी शेजारी बसवून एक पान पुरं करून घेणाऱ्या दुकानात माणूस पुन्हा येईल, असं मला मनापासून वाटतं. ज्याच्यापाशी फोटोच नाहीत, नुसतं बसचं चुरगळलेलं तिकीट आहे, त्याला त्या टेबलाशी कोण बोलावणार?